ओला खडू

शालिकराम पराते खडू पाण्यात बुडवून लिहायचे.
ओलं अक्षर आधी दिसत नाही,
फळा पुसल्यासारखाच राहतो.
मग मे महिन्यात चार श्वासांत
आणि श्रावणात चहा संपेपर्यंत थांबून
एकेक वेलांटी पांढरी होत वर येते.

गोळीबार चौकाच्या मागे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर
आमची अभ्यासिका. महिना दीडशे, कूलरचे वेगळे.
जिन्याच्या तोंडाशी फळा : दिनविशेष.
जन्म. मृत्यू. घटना.
आम्ही बावीस जण, परीक्षेचे उपाशी,
चपला काढता काढता वहीत उतरवून घ्यायचो :
बर्लिनची भिंत पडली,
माणूस चंद्रावर चालला,
कुठल्याशा देशात राजाचं डोकं उडवलं.
एका गुणासाठी अख्खं जग
उभ्या उभ्या, एका पायावर.
ज्या चौकाच्या नावातच गोळीबार
तिथं बंदूक कधी सुटली, कुणी पडलं का,
हे मात्र आमच्यातल्या कुणी विचारलं नाही.
अभ्यासक्रमात नव्हतं.

पराते शिपाई होते. ग्रंथपाल सुटीवर असत, कायमचे.
एका जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठींवर
त्यांनी वर्षाचे सगळे दिवस जमवले होते,
एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा.

मारबतीच्या दिवशी सगळी पोरं इतवारीत गेली,
पिवळीच्या मागे, काळीच्या मागे, बडग्यांवर हसायला.
मी एकटीच वर. पॉलिटी राहिली होती.
खालून आरोळी येत होती, इडा पिडा घेऊन जा गे,
आणि फळ्यावर तीन ओळींच्या खाली
चौथी ओळ सावकाश वाळत होती :

१९६८. बापूना पराते, विणकर, यांची पाचपावलीत खडी गंमत.
पावसानं ढोलकी उतरली, मग फुटली. थांबले नाहीत.

मी लिहून घेतलं. सवयच ती.
मग विचारलं, काका, हे कोणत्या पुस्तकात आहे?

ते फडकं पिळत होते.
"पुस्तकात कायले राहीन बाई.
मी होतो न तिथं. सहा वर्षांचा.
पेट्रोमॅक्सच्या खाली निजलो होतो,
फुटली तसा जागी झालो.
मंग बापानं घमेलं पालथं केलं
अन् त्याच्यावर वाजोलं, सकाळवरी."

त्यानंतर माझ्या वहीत :
१९८१. गिरजाबाई निनावे, कांड्या भरणाऱ्या.
लाल सूत आणि हिरवं सूत यांतला फरक दिसेना.
करवतकाठी तशीच विणली गेली. गिऱ्हाइकाला आवडली.
१९८९. पहाटे मिलचा भोंगा वाजला नाही.
लोक तरी उठले.

सचिवांनी पाहिलं तेव्हा दिवाळी जवळ आली होती.
पराते, म्हणाले, पोरांचं नुकसान होते.
जे विचारतात तेच लिहीत जा.
होय जी, म्हणाले पराते,
आणि दुसऱ्या दिवशी तीनच ओळी होत्या,
व्यवस्थित, आखून, एक ऑस्ट्रियाचा संगीतकार वगैरे.

पण मी लवकर यायची. मी पाहिलंय :
तीन ओळी खडूनं झाल्या की
ते बोट पाण्यात बुडवत
आणि खाली रिकाम्या जागेत लिहीत, नुसत्या पाण्यानं.
काळ्यावर अधिक काळं.
वाचायला पुढं व्हावं तर शेवटचा शब्द लिहीपर्यंत
पहिला उडून गेलेला.
एकदा 'नाच्या' एवढं मिळालं.
एकदा 'उपाशीच'.
उन्हाळ्यात काहीच मिळत नसे.

तिसऱ्या खेपेला पास झाले. कोषागारात लागले.
फळ्याच्या जागी आता टीव्ही आहे,
दिनविशेष आपोआप सरकत जातो, खाली कोचिंगची जाहिरात.

पराते गेले हे मला फार उशिरा कळलं.
वही घेऊन खाली सायकलवाल्याकडे गेले,
म्हटलं, तारीख सांगा, वर्ष तरी.
त्यानं ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडा शोधला,
खडूनं खूण केली.
"तारीख नाही सांगता येत मॅडम.
थंडी होती. टायर जाळून बसलो होतो आम्ही.
बरेच लोक होते, बरं का."